आधी मोजा, मग दाखवा

मे महिना सरत आला की मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबाच्या बोटी ओढून वर घेतल्या जातात. सिलिंडर खोलीत रचले जातात, रेग्युलेटर गोड्या पाण्यात धुऊन टांगले जातात आणि डायव्हिंग शिकवणाऱ्या माणसांना बोलायला सवड मिळते. अशाच सवडीतली ही बातचीत. भाची मालवणात डायव्हिंग प्रशिक्षक आहे. मामा सागरी पुरातत्त्वात उभी हयात घालवून आता पणजीत निवांत झालेला. दोघांचं एरवी छान जमतं, पण एका मुद्द्यावर दरवेळी ठिणगी पडते. समुद्रतळाशी पडलेली जुनी जहाजं पर्यटकांना दाखवावीत की नाहीत?

भाची : मामा, यंदा पर्यटकांनी सगळ्यात जास्त काय विचारलं सांगू? "मॅडम, खाली जहाज बघायला मिळेल का?" मासे बघून झाले, प्रवाळ बघून झालं, आता लोकांना बुडालेलं जहाज बघायचंय. मी सांगते, गोव्याला ग्रँड आयलंडपाशी जा. तिथे 'सुझीज रेक' म्हणून जागा आहे, हंगामात बोटींची रीघ असते. पण मला कळत नाही, एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर लोकांना बघायला मोजकीच जहाजं का?

मामा : 'सुझीज रेक' हे त्या जहाजाचं पाळण्यातलं नाव आहे का, असं एखाद्या पर्यटकानं विचारलंय कधी?

भाची : नाही विचारत कुणी. विचारलंच तर बोटीवरचा पोरगा सांगून टाकतो, इंग्रजांचं होतं, महायुद्धात बुडालं.

मामा : माझं दुखणं इथूनच सुरू होतं. गोव्याजवळचं कुठलंही गंजकं लोखंड बोटीवर बसलेल्या माणसाला महायुद्धातलं म्हणून खपवतात. महायुद्धाची खरी गोष्ट मुरगाव बंदरात घडली, आणि ती कुठल्याही थापेपेक्षा सरस आहे. एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, द्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजं आणि आन्फोरा हे इटालियन जहाज युद्ध पेटल्यावर तिथे आसऱ्याला थांबलेली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोव्यात त्यांना हात लावता येत नव्हता. एरेनफेल्सवरून दोस्तांच्या जहाजांचे ठावठिकाणे जर्मन पाणबुड्यांना कळवले जातात, असा इंग्रजांचा संशय. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले व्यापारी आणि चहा-तागाच्या कंपन्यांतले साहेब एका जुनाट गाळवाहू बोटीतून आले आणि एरेनफेल्सवर चढले. जर्मन खलाशांनी तळाच्या झडपा उघडल्या, आगी लावल्या. चारही जहाजं त्यांच्याच माणसांनी बुडवली. १९८० साली त्यावर 'द सी वुल्व्ज' नावाचा सिनेमाही निघाला. आता ही गोष्ट ग्रँड आयलंडच्या पत्र्याला चिकटवायची असेल, तर चिकटवणाऱ्यानं आधी पुरावा आणावा.

भाची : पण गोष्ट सांगितली नाही तर माणसाला खाली दिसणार काय? गोव्याचं पाणी काही लक्षद्वीपचं नाही. भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते, गाळ खाली बसतो, तेव्हा पाच-सहा मीटरवरचं दिसतं. उधाणात दोन मीटर दिसलं तरी नशीब. त्या हिरवट अंधारात शेवाळ चढलेला पत्रा पाहून पर्यटक वर येतो आणि म्हणतो, एवढंच?

मामा : मग खरी गोष्ट सांग की. गोव्याच्याच सेंट जॉर्ज रीफवरचं जहाज घे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुराविदांनी ते तपासलं. खाली सोनंनाणं नव्हतं, तोफा नव्हत्या. होतं बांधकामाचं सामान. कौलं, आढ्यावरची कोनाची कौलं, फरश्या, धुराड्याच्या विटा, खांबांचे पोकळ तुकडे आणि त्यांच्यावर बसवायचे नक्षीदार माथे, सगळं भाजलेल्या मातीचं. कुणाचा तरी बंगला किंवा चर्च सुट्या भागांत समुद्रावरून निघालं होतं म्हण ना. आणि मालावर ठसा होता, बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५.

भाची : म्हणजे १८६५ साली बुडालं.

मामा : नाही गो. १८६५ हे मंगळूरचा कारखाना सुरू झाला ते साल. तो ठसा कारखाना पुढेही मारत राहिला. तुझ्या आजोळच्या पडवीवरची कौलं काढून बघ, अशा ठशाचं एखादं सापडेलही. त्यामुळे ठशावरून एवढंच ठरतं की जहाज १८६५ च्या आधी बुडालेलं नाही. माल मंगळूरचा, तेव्हा ते दक्षिणेकडून वर येत असावं, हा तर्क. नक्की केव्हा, हे ठरवायला बाकीचा सगळा माल, त्याची रचना, कुठल्या थरावर काय पडलंय, हे बघावं लागतं. एका ठशावर वर्ष लिहून मोकळं झालो असतो तर आपणही त्या बोटीवरच्या पोराच्याच जातकुळीतले.

भाची : बघा, हीच गोष्ट मी पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटांत सांगितली, तर खाली गेलेला माणूस कौलाचा तुकडा पाहून हरखेल. कोकणातल्या माणसाला कौल काय असतं ते सांगावं लागत नाही. तुम्ही स्वतःच माझी बाजू मांडताय.

मामा : हरखेल आणि उचलेल. कौल जड नाही, डायव्हिंगच्या जाकिटाच्या, म्हणजे बीसीडीच्या, खिशात त्याचा तुकडा आरामात मावतो. प्रत्येक माणूस चोर असतो असं मी म्हणत नाही. पण 'एवढे शंभर पडलेत, एकानं काय होतंय' हा विचार चांगल्या माणसाच्याही डोक्यात येतो. सेंट जॉर्जपेक्षा जुनी जागा घे. सुंची रीफ. तिथे १९९७ पासून काम झालं. पाणी जेमतेम तीन ते सहा मीटर.

भाची : एवढ्या उथळ पाण्यात तर नवशिका माणूसही जाऊ शकतो!

मामा : म्हणूनच तिची काळजी जास्त. त्या खडकावर काय मिळालं ऐक. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, मार्तबानी रांजणांची खापरं, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, तोफ, नांगर. पाणघोडा आफ्रिकेतला. मार्तबान म्हणजे ब्रह्मदेशाचा किनारा. भांडी चीनची. दातांच्या कालमापनावरून जहाज सतराव्या शतकाच्या आरंभाचं, पोर्तुगीज व्यापाराच्या भरभराटीतलं ठरतं. आता समज, एका हौशी माणसानं पाणघोड्याचा दात नेला, दुसऱ्यानं चिनी खापर नेलं. दोघांच्या दिवाणखान्यात एकेक शोभेची वस्तू आली. पण आफ्रिका, ब्रह्मदेश आणि चीन एकाच गलबतात कसे एकत्र आले, तो पुरावा संपला. कारण तो दातात नव्हता, दात आणि खापर शेजारी पडले होते त्या जागेत होता.

भाची : हे मला पटतं. पण तुम्ही 'उचलणं' आणि 'बघणं' एकाच पारड्यात टाकता. उचलू नका हे आम्ही शिकवतोच. प्रवाळाला हात लावू नका, शिंपले नेऊ नका, हे बोटीवर चढल्यापासून पढवतो.

मामा : हात न लावताही बिघडतं. तू नवशिक्यांना खाली नेतेस. त्यांचा तोल राहतो का?

भाची : पहिल्या दिवशी कुणाचाच राहत नाही. वेट बेल्ट जास्त लावला तर माणूस तळाला बसतो, कमी लावला तर वर तरंगतो. घाबरला की गुडघे वाकवून सायकल मारल्यासारखे फिन्स मारतो.

मामा : आणि मग काय होतं?

भाची : गाळ उठतो. दोन फटक्यांत सगळं तपकिरी. माझाच हात मला दिसत नाही, मग मी त्याच्या सिलिंडरचा झडपेकडचा भाग धरून त्याला वर उचलते.

मामा : तो गाळच त्या जहाजाचं पांघरूण असतं. गरम समुद्रात उघडं पडलेलं लाकूड टेरेडो पोखरतो. लोक त्याला किडा म्हणतात, तो खरं तर शिंपल्याच्या कुळातला प्राणी. काही वर्षांत तो लाकडाची चाळण करतो. पण चिखलाखाली प्राणवायू पोचत नाही, टेरेडो जगत नाही, तिथलं लाकूड शेकडो वर्षं टिकतं. म्हणजे वर दिसतं ते आधीच अर्धं गेलेलं असतं आणि जे टिकलंय ते दिसत नाही. तुझे पर्यटक दिसणाऱ्याच्या मोहानं न दिसणाऱ्यावरचा गाळ हलवतात.

भाची : बरं, पर्यटकांच्या फिन्सनी गाळ हलतो, मान्य. मग ट्रॉलरच्या जाळ्याचं काय? ते तळ खरवडत जातं. खडक असो, तोफ असो, जाळ्याला सगळं सारखं. आमच्या मच्छीमारांना विचारा, जाळं कुठे कुठे अडकतं ते. प्रत्येक तांडेलाला त्याच्या जागा ठाऊक असतात, डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की इथे जाळं टाकायचं नाही. त्यातल्या किती जागा खडकाच्या आणि किती जहाजांच्या, कुणी तपासलंय? माझा माणूस चुकून एक विटकर तोडेल, ट्रॉलर एका रात्रीत अख्खी जागा नांगरून जाईल. आणि जिथे रोज डायव्हर उतरतात, तिथे ट्रॉलर फिरकत नाही, कारण बोंब मारायला माणूस हजर असतो.

मामा : तेवढ्यापुरतं तुझं खरं.

भाची : तेवढ्यापुरतं नाही, सगळ्यापुरतं. जावाच्या समुद्रातली डच युद्धनौकांची गोष्ट तुम्हीच मला लहानपणी सांगितली होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपान्यांनी बुडवलेल्या. डी रॉयटर आणि जावा.

मामा : हो. २००२ साली हौशी डायव्हरांनी शोधून काढल्या. सुमारे सत्तर मीटरवर. मग २०१६ साली लढाईच्या पंचाहत्तरीची तयारी म्हणून लोक पुन्हा खाली गेले, तर तळाला जहाजं नव्हतीच. तळावर नुसता ठसा उरलेला. भंगारवाल्यांनी हजारो टनांची युद्धनौका तुकड्यातुकड्यांनी उचलून नेली होती, आतल्या माणसांच्या अवशेषांसकट.

भाची : चौदा वर्षांत अख्खी युद्धनौका गेली आणि कुणाला पत्ता नाही. का? कुणी बघायला जात नव्हतं म्हणून. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. तिथे दर आठवड्याला एक जरी डायव्हिंग बोट गेली असती, तरी पहिल्या पत्र्यालाच बोभाटा झाला असता.

मामा : तीच गोष्ट उलटी वाच. जागा एकदा कळली की ती भंगारवाल्यालाही कळते. तुमच्या बोटी इंटरनेटवर जागांची नावं, खोली, नकाशा सगळं टाकतात.

भाची : मामा, जागा लपवून राहतात हा शहरातला भ्रम आहे. मच्छीमाराला कुठलीच जागा नवीन नसते. लपवलं की ती फक्त तुमच्यापासून आणि माझ्यापासून लपते. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, मच्छीमारांना नीट विचारात न घेता. तो राग अजून निवळलेला नाही. लोकांना बाजूला ठेवून राखलेलं काही या किनाऱ्यावर राखलं गेलंय का, सांगा.

मामा : म्हणजे तुझा उपाय काय? सगळी जहाजं तिकीट लावून उघडी?

भाची : सगळी नाही. काही जागांवर मी स्वतः कुणाला नेणार नाही. 'रामदास' बोट घ्या. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी दिवा लागला नाही. तिथे पर्यटक नेऊन सेल्फी काढायचे, हे माझ्याच्यानं होणार नाही.

मामा : स्कॉटलंडमध्ये स्कापा फ्लोत हेच तत्त्व पाळतात. एकाच खाडीत दोन प्रकारची जहाजं. २१ जून १९१९ ला जर्मन आरमारानं स्वतःचीच जहाजं बुडवली. पुढे त्यातली बरीचशी भंगारासाठी उचलली, सात मोठी उरली, आणि जगभरचे डायव्हर त्यांच्यावर उतरतात. पण त्याच पाण्यात 'रॉयल ओक' आहे. ऑक्टोबर १९३९ मध्ये पाणतीर लागून बुडाली, आठशेच्या वर माणसं आत. तिच्यावर हौशी डायव्हिंगला सक्त मनाई. एक उघडं, एक बंद. भेद जहाजाच्या वयाचा नाही, जहाजात काय आहे त्याचा आहे.

भाची : हेच तर मी म्हणते. प्रत्येक जागेचा वेगळा विचार. पण विचार करायला तिथे काय आहे ते तरी ठाऊक हवं. ते ठाऊक कसं होणार? तुमच्या संस्थांकडे पाण्यात उतरणारे पुराविद किती? या धंद्यात मालवणपासून बोगमाळोपर्यंत रोज पाण्यात उतरणारी पोरं किती? तुम्ही किनाऱ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि आम्हाला म्हणणार, तिकडे जाऊ नका.

मामा : टोमणा लागला. पण उतरणं आणि नोंदणं यांत फरक आहे. नोंदायचं म्हणजे आधी एक पक्की आधाररेषा टाकायची, दोन्ही टोकं बांधायची. मग प्रत्येक वस्तू त्या रेषेपासून किती अंतरावर, कुठल्या दिशेला, किती खोलीवर, हे टेपनं मोजायचं. वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. हल्ली शेकडो फोटो जोडून संगणकावर जागेचं त्रिमितीय चित्र उभं करतात, त्यानं काम हलकं झालंय. पण त्यालाही डायव्हरचा तोल सुईसारखा लागतो, आणि चाळीस मिनिटांच्या हवेत घाई न करता तेच तेच करण्याची तयारी लागते. तुझ्या पोरांना मोठा ग्रूपर दिसला की कॅमेरा तिकडे वळतो.

भाची : वळतो, कारण पैसे ग्रूपरचे मिळतात, मोजपट्टीचे नाही. शिकवलं तर शिकतील. माझ्याकडची दोन पोरं रापणीवर वाढलेली आहेत. जाळ्यातल्या दोऱ्याचा ताण हातानं ओळखतात, अंधाऱ्या पाण्यात नांगराची दोरी धरून बरोबर जागी जातात. तुमच्या आधाररेषेला असे हात कुठे मिळणार?

मामा : ते मिळाले तर सोनंच. अडचण एकच. नोंद झाली नाही तोवर जागा दाखवायची नाही, हा क्रम तुम्ही पाळाल का? हंगाम सात-आठ महिन्यांचा, त्यात दिवाळी, नाताळ, मे महिना हीच कमाई. नोंद होईपर्यंत एक हंगाम थांबा म्हटलं, तर थांबाल?

भाची : एखाद्या जागेसाठी थांबू. पण नोंद पाच वर्षं लोळत पडली तर नाही थांबणार. तुमच्याकडच्या फायली कशा चालतात ते मला ठाऊक आहे.

मामा : कायद्याच्या बाजूनंही ऐकून ठेव. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते, ती खिशात घालून घरी नेण्याची गंमत नव्हे. बुडालेल्या जहाजाचं काही सापडलं की त्यासाठी नेमलेल्या 'रिसीव्हर ऑफ रेक' या अधिकाऱ्याला कळवायचं, हेही आपल्या जहाजवाहतुकीच्या कायद्यात फार पूर्वीपासून आहे. आणि युनेस्कोचा २००१ चा करार आहे. शंभर वर्षं पाण्याखाली राहिलेलं सगळं जपायचं, शक्यतो जागेवरच राखायचं, त्याचा बाजार मांडायचा नाही. भारतानं त्या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही, पोर्तुगालनं केलंय.

भाची : त्याच करारात जागेला अपाय न करता लोकांना बघू द्यावं असंही लिहिलंय. तुमची मंडळी ते वाक्य नेहमी गाळतात.

मामा : लिहिलंय, नाकारत नाही. आणि जागेवर राखायचं का, तेही समजून घे. लोकांना वाटतं, वर काढून म्युझियममध्ये ठेवली की वस्तू वाचली. समुद्रातली लोखंडी तोफ वर आणून नुसती उन्हात ठेव. आतपर्यंत मुरलेलं मीठ हवेतल्या ओलाव्याशी खेळ करायला लागतं, तोफेचे पापुद्रे सुटतात, काही वर्षांत ती हातानं चुरता येते. तिला वाचवायचं तर क्षाराच्या पाण्यात विजेचा प्रवाह देत कित्येक महिने, कधी वर्षं ठेवावी लागते. हस्तिदंत घाईनं सुकवलं की कांद्यासारखं थराथरानं उलगडतं. स्वीडननं 'वासा' १९६१ साली वर काढलं, तर लाकूड तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्यावर मेणासारख्या रसायनाचा फवारा मारत होते. एवढी ऐपत आणि चिकाटी नसेल, तर वर काढणं म्हणजे जपणं नव्हे, सावकाश मारणं.

भाची : म्हणजे तुमच्याच तोंडून ठरलं. वर काढता येत नाही, म्हणून जे काही बघायचं ते खालीच जाऊन बघायचं. मग खाली जाणाऱ्याला तुम्ही अडवता कशाला?

मामा : वकिली शिकायला हवी होतीस. बरं, एक प्रश्न तुला. विजयदुर्ग. फेब्रुवारी १७५६. वॉटसनचं इंग्रजी आरमार खाडीत, क्लाइव्ह जमिनीवरून, आणि पेशव्यांची फौज त्यांच्या सोबतीला. तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. एका मराठी सत्तेनं परक्यांच्या मदतीनं दुसऱ्या मराठी आरमाराची राख केली. त्या खाडीच्या चिखलाखाली उद्या एखाद्या गुराबाचा, म्हणजे लढाऊ गलबताचा, तळ सापडला, तर काय करशील?

भाची : कुणालाही नेणार नाही.

मामा : का? पर्यटक तर त्यासाठी दुप्पट पैसे देतील.

भाची : देतील, आणि पहिल्याच आठवड्यात फळ्या फुटतील. खाडीतल्या पाण्यात तसंही काही दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर, शिवरायांच्या आरमाराचं म्हणून विकायला बोटीवर पहिला पोरगा पुढे येईल, तुळाजी आणि पेशवे यांची कटकट कुणी सांगणार नाही. तिथे तुमचंच म्हणणं चालेल. आधी मोजा, नंतर बघू.

मामा : मग 'आधी मोजा'चा सराव करायला जागा हवी. सुंचीवर शिकाऊ लोक सोडता येत नाहीत, विजयदुर्गला तर नाहीच.

भाची : त्यासाठी गुलदार आहे. तुम्ही हसाल, पण ऐका. नौदलाची सैन्यवाहू नौका, पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ साली दाखल, जानेवारी २०२४ मध्ये सेवामुक्त. सुमारे त्र्याऐंशी मीटर लांब. ती राज्याच्या पर्यटन महामंडळाला, एमटीडीसीला, मिळाली आणि निवतीच्या खडकांजवळ बुडवून पाण्याखालचं पर्यटन उभं करायचं ठरलं. म्हणजे जुन्या जहाजांवरचा ताण कमी. ज्याला जहाजच बघायचंय त्याला गुलदार दाखवू.

मामा : हसत नाही. आधी वाटलं होतं हा तमाशा आहे, इतिहासाच्या नावाखाली बुडवलेला देखावा. पण गुलदारमध्ये एक गोष्ट अशी आहे जी सुंचीत नाही आणि सेंट जॉर्जमध्येही नाही. तिचा सगळा हिशोब आधीपासून कागदावर असतो. कुठला पत्रा किती जाडीचा, कुठल्या धातूचा, कुठे दुरुस्ती झाली. ती कुठल्या दिवशी पाण्याखाली गेली, तेही नोंदलं जाईल. मग दरवर्षी ठरलेल्या जागी पत्र्याची जाडी मोजली, कुठल्या बाजूला शिंपले आधी बसले, गाळ कुठे साचला, मोसमी लाटांनी काय हललं, हे टिपलं, तर कोकणच्या पाण्यात लोखंडी जहाज कसं आणि किती वेगानं झिजतं याचा आपल्याकडे मापदंड तयार होईल. उद्या एखाद्या बेवारस वाफेच्या जहाजाच्या बॉयलरपाशी उभा राहून मी त्याच्या झिजेवरून अंदाज बांधू शकेन, आज तो अंधारात बांधावा लागतो.

भाची : म्हणजे पर्यटकांच्या पैशांवर तुमची प्रयोगशाळा.

मामा : आणि तुझ्या पोरांची शाळा. आधाररेषा टाकायला, टेप धरायला, गाळ न उठवता पोहायला गुलदारवर शिकायचं. चुकलं तर चारशे वर्षांचं काही बिघडत नाही. तिथे तयार झालेला डायव्हरच जुन्या जागेवर उतरेल. बाकीच्यांनी गुलदारवर खुशाल फोटो काढावेत.

भाची : हे मला चालेल. पण पोरगा शिकला, मोजायला लागला आणि त्याला कुठेतरी नवीन जहाज सापडलं, तर पुढे काय? आज त्याला वाटतं, कळवलं की जागा बंद होणार, वर्तमानपत्रात संस्थेचं नाव येणार, आपली बोट मात्र दुसरीकडे जाणार. म्हणून तो कळवतच नाही. गुपचूप मित्रांना नेतो, आणि मित्रांच्या खिशातून तुमचा पाणघोड्याचा दात जातो. चोरी लोभातून कमी आणि या भीतीतून जास्त होते.

मामा : यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. नियम लिहिणाऱ्यांनी शोधणाऱ्याचा विचार केलेला नाही, हे खरंय.

भाची : मग माझी अट लिहून घ्या. ज्यानं कळवलं, त्याची बोट पुढच्या मोजणीच्या कामाला घ्यायची, रोजच्या दरानं. आणि नोंद झाल्यावर ती जागा दाखवायचं ठरलं, तर पहिला हक्क त्याचा.

मामा : आणि माझी अट. कळवण्याआधी त्या जागेवरून एक कौलही वर आलेलं नसेल. आलं, तर हक्क गेला. तांडेलाचा असो, प्रशिक्षकाचा असो, की पुराविदाचा.

भाची : पुराविदाचासुद्धा?

मामा : त्याचा आधी. खालून वर आणून कपाटात ठेवायचा मोह त्याला सगळ्यात जास्त असतो.

भाची : मग जमलं. फक्त नोंदीला मुदत घाला मामा. एक हंगाम. तेवढ्यात तुमचं मोजून झालं नाही, तर आम्ही मोजू आणि कागद तुमच्या हातात देऊ.

मामा : एक हंगाम कमी आहे. दोन.

भाची : दीड, आणि पावसाळा त्यात धरायचा नाही.